एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्याचा अभ्यास: वेळापत्रक सगळ्यात शेवटी

जूनमध्ये शाळा सुरू झाली की वह्यांना कव्हरं चढतात आणि भिंतीवर एक तक्ता लागतो. पहाटे पाच ते सहा गणित, सहा ते सात विज्ञान, संध्याकाळी भाषा. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं अशी मेंदूच्या वाढीतली स्थिती) असलेल्या मुलाचा हा तक्ता पहिल्या आठवड्यातच मोडतो. मग बोलणी बसतात, मग नवा तक्ता येतो, तोही मोडतो. दिवाळीपर्यंत मुलाची खात्री पटलेली असते की आपण आळशी आहोत.

चूक होते ती क्रमात. एडीएचडीमध्ये तीन गोष्टी जड जातात: सांगितलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं, वेळेचा अंदाज बांधणं आणि आवड नसलेल्या कामाला हात घालणं. वेळापत्रक या तिन्ही गोष्टी जमतात असं धरूनच बनवलेलं असतं. म्हणून आधी या तिघांची सोय डोक्याबाहेर करायची आणि वेळापत्रकाला नंतर हात लावायचा. खालचे टप्पे आठवीपासून कॉलेजपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. एक टप्पा अंगवळणी पडायला दोनेक आठवडे द्या, मगच पुढचा घ्या. सगळे एकदम सुरू केलेत तर सगळे एकदम बंद पडतील.

## सुरुवातीआधी: निदान, औषध, झोप

एडीएचडी रक्ताच्या तपासणीतून किंवा एमआरआयमधून कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा या विषयातले बालरोगतज्ज्ञ सविस्तर विचारपूस करून निदान करतात. लक्षणं वयाच्या बारा वर्षांआधीपासून आहेत का, आणि ती घरी व शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे त्यांना कळायला हवं असतं. म्हणून जाताना जुनी प्रगतिपुस्तकं न्या. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘वह्या अपूर्ण’, ‘धांदरटपणा कमी करावा’ असे शेरे तिसरी-चौथीपासून असतील तर ते डॉक्टरांच्या उपयोगाचे असतात. वर्गशिक्षकांकडून चार ओळी लिहून घ्या. डोळे आणि कान तपासून घ्या. वाचन-लेखनाची वेगळी अडचण आहे का तेही विचारा, कारण ती एडीएचडीबरोबर बऱ्याचदा असते.

कुठे जायचं? आपल्या कोकणात रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकून घरचे बिचकतात, पण तिथे जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांना मुलाबद्दल आपणहून सांगा. हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. जवळ कोणीच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

औषध सुरू झालं असेल तर त्याची आधीच तजवीज करा. एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे शेड्यूल एक्समधलं, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेलं औषध आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो आणि त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना असावा लागतो. त्यामुळे नाक्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळेलच असं नाही. कुठे मिळेल ते दवाखान्यातून निघण्याआधीच विचारा. गोळ्या संपायच्या आठ-दहा दिवस आधीच्या तारखेवर कॅलेंडरवर फुली मारा, पावसात रस्ता बंद झाला तरी गाठीला दिवस राहतात. या औषधाने दुपारची भूक मरते, म्हणून सकाळी पोटभर खाऊन निघायचं. अ‍ॅटोमोक्सेटिन हे दुसरं औषध असेल तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत काही जाणवत नाही म्हणून ते सोडू नका.

इशारा: मित्राची गोळी घेऊन पाहणं, परीक्षेसाठी डोस वाढवणं, बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद करणं, यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही.

झोपेबद्दल एकच नियम सांगते: रात्री फोन दुसऱ्या खोलीत. अपुऱ्या झोपेने लक्ष इतकं विस्कटतं की पुढचा एकही टप्पा नीट चालत नाही.

## टप्पा १: एक जागा, एक खुंटी

आपल्याकडे मुलाला पडवीत बसवतात, उजेड आणि वारा असतो म्हणून. पण पाणंदीतून जाणारा प्रत्येक माणूस हाक मारून जातो, कुत्रं भुंकतं, कोंबड्या अंगणात येतात. माजघरात बसवलं तर टीव्ही. जागा छोटी चालेल, तोंड भिंतीकडे आणि पाठ दाराकडे हवी. शांतता मात्र सगळ्यांनाच मानवत नाही. पत्र्यावरच्या पावसाचा एकसुरी आवाज काहींना उपयोगी पडतो, काहींना नकोसा होतो. दोन्ही करून बघा. समोर फक्त चालू विषयाचं पुस्तक आणि वही, बाकी सगळं पाठीमागे.

मग दाराजवळ एक खुंटी ठोका. दप्तर, आयकार्ड, एसटीचा पास आणि छत्री यांची जागा तीच. घरात पाऊल टाकल्याबरोबर या वस्तू तिथे गेल्या पाहिजेत, पाणी पिण्याच्याही आधी. ‘आत्ता इथे ठेवतो, मग उचलतो’ इथूनच सकाळची शोधाशोध सुरू होते.

रविवारी दप्तर चटईवर पूर्ण उलटं करायचं. तळाशी चुरगळलेली सहलीची सूचना, टोपण नसलेलं पेन, गेल्या सहामाहीची उत्तरपत्रिका आणि डब्यातून सांडलेलं काहीतरी निघतं. ठेवायचे कागद त्या त्या विषयाच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये घाला. प्लास्टिकच्याच, कारण जुलैत पुठ्ठ्याच्या फाइलला बुरशी येते आणि एकदा वास यायला लागला की मूल ती उघडत नाही.

तपासा: रात्री लाइट गेलेली असताना अंधारात हात घालून दप्तर, पास आणि छत्री सापडते का? सापडत असेल तर पुढे जा.

## टप्पा २: सगळं एकाच वहीत

खिशात मावेल अशी एक वही. गृहपाठ, प्रॅक्टिकलची तारीख, फी, मित्राला परत द्यायचं पुस्तक, सगळं तिच्यातच. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेलं कामही वहीत उतरवायचं. ग्रुपवर ते शुभेच्छांच्या खाली गाडलं जातं, आणि वाडीत रेंज नसेल त्या संध्याकाळी ते दिसतच नाही.

कधी लिहायचं? बाई सांगत असतानाच. ‘मधल्या सुट्टीत लिहीन’ म्हटलं की ते गेलंच. शेजारच्या बाकावरच्या मित्राशी ठरवून ठेवा: शाळा सुटताना दोघांनी एकमेकांच्या वह्या पडताळायच्या.

काय लिहायचं, यात सगळ्यात जास्त गफलत होते. ‘भूगोल प्रकल्प’ असं लिहिलेलं असेल तर घरी आल्यावर त्या दोन शब्दांचं काय करायचं ते समजत नाही, आणि वही मिटली जाते. असं लिहा: ‘भूगोल – नकाशा ट्रेसिंग पेपरवर काढणे – गुरुवार – आधी गण्याकडून पेपर आणणे’. विषय, काम, दिवस आणि हाताने करायची पहिली गोष्ट. चौथा भाग कधीही गाळू नका, काम सुरू होतं ते त्याच्यामुळे.

नेहमीची चूक: चालू वही अर्धी असताना नवी सुंदर डायरी घेणं. नवेपणाचा उत्साह आठवडाभर टिकतो आणि मग कामं दोन वह्यांत विखुरतात.

## टप्पा ३: वेळ डोळ्यांना दिसू द्या

एडीएचडी असलेल्याला ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ एवढ्याच दोन वेळा जाणवतात, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. वीस मिनिटं आणि पन्नास मिनिटं आतून सारखीच वाटतात. म्हणून काट्यांचं, सेलवर चालणारं घड्याळ अगदी समोर लावा. फोनचा टायमर दोन कारणांनी नको: लाइट चार तास गेली की फोन बंद पडतो, आणि चालू असला तर तोच लक्ष खेचून नेतो.

घड्याळाच्या काचेवर पुसता येणाऱ्या मार्करने खूण करा. मिनिटकाटा पाचवर आहे आणि काम आठवर थांबवायचं आहे, तर पाच ते आठ ही फाक रंगवा. काटा पुढे सरकतो तशी उरलेली फाक कमी होताना दिसते. ‘अजून पंधरा मिनिटं आहेत’ हे ऐकून काही होत नाही, फाक पाहून होतं.

प्रत्येक कामाआधी वहीत अंदाज लिहा आणि काम झाल्यावर प्रत्यक्ष लागलेला वेळ. गणिताच्या पाच उदाहरणांना अंदाज २० मिनिटं, लागली ४५. दोन आठवड्यांनी आपला अंदाज किती पटींनी चुकतो ते दिसतं, आणि पुढे त्या पटीनेच वेळ धरायचा. यात रागावण्यासारखं काही नाही, आकडा कामाचा आहे.

सकाळसाठी उलटी मोजणी करा. एसटी साडेसातची. पावसात स्टॉपपर्यंत १५ मिनिटं. छत्री, चपला, दप्तर यांना ५. हाताशी आणखी ५. म्हणजे ७ वाजून ५ मिनिटांनी दारापाशी उभं राहायचं. पाटीवर ‘७.०५’ लिहा, ‘७.३०’ लिहू नका. मुलाला साडेसात दिसलं की तो साडेसातपर्यंत निवांत असतो.

पाटी म्हणजे खरोखरची पाटी आणि खडू. पिवळ्या चिकट चिठ्ठ्या शहरातल्या कोरड्या भिंतींवर टिकत असतील. इथे पावसाळ्यात भिंत दमट होते आणि चिठ्ठी सकाळपर्यंत जमिनीवर येते.

## टप्पा ४: कामाला हात लागणं

सगळ्यात अवघड टप्पा हाच, आणि घरात सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरूनच. मूल पुस्तकासमोर बसलेलं असतं, पानही उघडलेलं असतं, पण काम सुरू होत नाही. त्याला करायचं नसतं असं नाही. ते मनात खरोखर धडपडत असतं, आणि बाहेरून ते आळसासारखं दिसतं.

अ) बसायची खूण ठरवा. घड्याळातल्या वेळेपेक्षा घरात रोज घडणारी गोष्ट बरी. ‘दिवेलागण झाली की मी टेबलापाशी बसून पान उघडीन.’ हे वाक्य मुलाने स्वतः पाटीवर लिहायचं.

आ) पहिलं पाऊल दोन मिनिटांत होईल इतकं छोटं करा. ‘धडा वाचणे’ हे मोठं झालं. ‘पान उघडणे, पहिलं उदाहरण वहीत उतरवून घेणे’ हे ठीक. सोडवायचं नाही, फक्त उतरवायचं. बहुतेक वेळा हात सुरू झाला की डोकं मागून येतं.

इ) कोणीतरी जवळ बसा. घरात आजी असेल तर तिच्याइतकी योग्य व्यक्ती नाही. तिने सूप घेऊन तांदूळ निवडत शेजारी बसायचं. बोलायचं नाही, विचारायचं नाही, वहीत डोकवायचं नाही. तिचे हात कामात आहेत एवढ्यानेच मुलाचे हात कामात राहतात. मधेच ‘झालां काय रे?’ विचारलं की सगळं विस्कटतं, हे तिला आधी प्रेमाने समजावून सांगा. हॉस्टेलवर असाल तर एकट्याच्या खोलीपेक्षा वाचनालय बरं.

ई) १५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. २५ मिनिटं काम आणि मग सुट्टी हा हिशोब बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, पण त्या आकड्यात काही पवित्र नाही. १० जमत असतील तर १० पासून सुरू करा. सुट्टीत उठायचं, अंग हलवायचं: विहिरीवरून कळशी आणा, वाळत घातलेले कपडे आत घ्या, अंगणात दोन फेऱ्या मारा. फोन नको. कळशी भरली की काम संपतं, फोनवरचे व्हिडिओ संपत नाहीत.

उ) बाजूला एक कोरा कागद. काम करताना ‘सायकलची हवा’, ‘उद्याची मॅच’, ‘बोट किती वाजता सुटते’ असे विचार येतच राहतात. प्रत्येकाला त्या कागदावर दोन शब्दांत उतरवा आणि परत वहीकडे वळा. विचार दाबून ठेवायला गेलं की त्यातच लक्ष गुंततं.

ऊ) थांबताना पुढचं पाऊल लिहून थांबा. ‘उदाहरण ४, दुसरी पायरी’ असं पानाच्या वर लिहिलेलं असेल तर उद्याची सुरुवात निम्मी झालेली असते.

इशारा: कधी कधी उलटंही होतं. प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर तीन तास रंगकाम चालतं आणि गणित राहतं. अशा वेळी लांबून ओरडून उपयोग नाही. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवा आणि घड्याळातली फाक दाखवा.

तपासा: आठवड्यातले चार दिवस खुणेनंतर दहा मिनिटांत हात लागला का? किती अभ्यास झाला ते आत्ता मोजू नका.

## टप्पा ५: वाचण्यापेक्षा आठवून लिहा

एडीएचडी असलेलं मूल एक पान चार वेळा वाचतं, डोळे ओळींवरून जातात आणि आत काही जात नाही. म्हणून एकदा वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल ते पाटीवर लिहा. मग उघडून राहिलेलं लाल खडूने भरा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्याने जास्त लक्षात राहिलं होतं. शिवाय हात चालू राहतो, तो या मुलांसाठी वेगळा फायदा.

तीच गोष्ट दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा आठवून पाहा. अंगणात चालत मोठ्याने म्हटलं तरी चालेल. पाय हलत असताना ज्याचं लक्ष लागतं त्याला मांडी घालून बसवण्याचा हट्ट धरू नका.

## टप्पा ६: आता वेळापत्रक

आधी न हलणाऱ्या गोष्टी लिहा: शाळा, येण्याजाण्याची एसटी, क्लास, जेवण, झोप. उरलेल्या वेळात अभ्यासाच्या फक्त दोन जागा ठेवा आणि एक जागा मुद्दाम रिकामी. मोडलेलं काम तिथे जातं. रिकामी जागा नसलेला तक्ता पहिल्या पाहुण्याबरोबर कोसळतो. अवघड विषय डोकं ताजं असतं तेव्हा घ्या. औषध चालू असेल तर त्याचा असर दिवसात कधी असतो ते डॉक्टरांना विचारून घ्या.

मग वर्षाचं कॅलेंडर घ्या. कोकणात राहून बाजारातला छापील तक्ता चालत नाही, कारण आपलं वर्ष वेगळ्या ठिकाणी तुटतं.

गणपतीत चाकरमानी येतात, घर भरतं आणि अभ्यासाच्या टेबलावर पाहुण्यांच्या बॅगा बसतात. त्या दिवसांत नेहमीचा अभ्यास होणार नाही, हे आधीच मान्य करा. जर्नल आणि प्रकल्प गणपतीआधीच्या आठवड्यात संपवा. गणपतीच्या दिवसांत सकाळच्या आरतीआधी १५ मिनिटं, एकच विषय, पाटीवर. आणि विसर्जनानंतरचा दुसरा दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवा. पुन्हा सुरुवात कधी, हे गणपती यायच्या आधीच ठरलेलं असावं. तेवढं राहिलं तर पाच दिवसांची सुट्टी महिनाभर लांबते.

मालवणकडच्यांना आंगणेवाडीची जत्रा साधारण फेब्रुवारीत गाठते, बारावीच्या तोंडावर. शिमगा तर मार्चमध्ये, दहावीच्या परीक्षेच्या आसपासच येतो. पालखी आपल्या घरी कोणत्या दिवशी येणार ते गावकऱ्यांकडून आधी विचारून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर मुलाच्या झोपण्याची सोय ढोलांपासून लांब, नातेवाइकांकडे करा. पालखीचं दर्शन त्याने जरूर घ्यावं. त्याला घरात कोंडून ठेवलं तर लक्ष पूर्णवेळ बाहेरच राहील.

आंब्याची बाग असलेल्या घरांत एप्रिल-मे म्हणजे काढणी आणि पेट्या, आणि एमएचटी-सीईटीही तेव्हाच. मुलाने किती तास हातभार लावायचा ते मार्चमध्येच बोलून घ्या. रोज सकाळी ठरवायचं म्हटलं तर बाग जिंकते.

## टप्पा ७: शाळा आणि परीक्षा

वर्गशिक्षकांना भेटून तीन गोष्टी मागा: पुढचा बाक, फळ्यावर लिहिलेल्या सूचना आणि मोठ्या कामाचे तारखांसकट तुकडे.

परीक्षेतल्या सवलतींबाबत गैरसमज फार आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. मुलाला वाचन, लेखन किंवा गणिताचीही अडचण असेल तर तिची स्वतंत्र तपासणी करून घ्या. प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून नववीच्या सुरुवातीलाच हालचाल करा. फक्त एडीएचडी असेल तर मंडळाच्या चालू नियमांत काय बसतं ते मुख्याध्यापकांना लेखी अर्जाने विचारा. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून हाती काही लागत नाही.

पेपरात: ‘कोणतेही दोन’, ‘कारणे द्या’ अशा शब्दांखाली रेघ मारूनच उत्तर सुरू करा. दहावीच्या गणित-विज्ञानात ४० गुणांना दोन तास, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. भाषेला ८० गुणांना तीन तास, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. ही सवय घरी घड्याळ लावून जुने पेपर सोडवताना लावा. शेवटची दहा मिनिटं फक्त प्रश्नक्रमांक, चिन्हं आणि पुरवण्या तपासायला. हॉलतिकीट त्याच खुंटीवर.

## टप्पा ८: घडी मोडली की

मोडणारच. आजारपण, अतिवृष्टीची सुट्टी, लग्न. त्यानंतर मागचं सगळं भरून काढायचा तक्ता करू नका, तो पहिल्याच दिवशी अंगावर येतो. क्रम असा: दप्तर चटईवर उलटं करा, वहीत नवं पान घ्या, शिक्षकांना विचारून राहिलेल्यातली फक्त आवश्यक कामं उतरवा, आणि त्या दिवशी १५ मिनिटांचा एकच डाव बसा. वेळापत्रकातल्या अभ्यासाच्या दोन्ही जागा तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून.

पालकांनी रोज ठरलेल्या वेळी पाच मिनिटं वही बघावी, तेवढीच. रात्रभर ‘झालं का, झालं का’ केल्याने मूल वही लपवायला शिकतं. वही बघताना न झालेल्या कामाबद्दल ‘का केलं नाहीस?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर मुलालाही माहीत नसतं. ‘पहिलं पाऊल काय लिहिलं होतंस?’ असं विचारा. बहुतेक वेळा ते लिहिलेलं नसतं किंवा फार मोठं असतं. तिथेच बसून दोघांनी ते छोटं करा.

आणि मूल आठवड्यानुआठवडे गप्प राहत असेल, जेवण-झोप बिघडली असेल किंवा ‘माझा काही उपयोग नाही’ असं बोलू लागलं असेल, तर अभ्यासाचे सगळे टप्पे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. स्वतःला इजा करण्याचं बोललं तर त्याला एकटं सोडू नका, जवळ बसा, १४४१६ ला रात्रीही फोन लागतो.